अकरा दिवस

कालिंदी इनामदार चोवीस वर्षं नववीला विज्ञान शिकवत होती, आणि त्यातली तेवीस वर्षं तिनं आकाश फळ्यावरच काढलं होतं. खडूचा गोल म्हणजे सूर्य, त्याच्याभोवती लांबट रेघा म्हणजे ग्रहांच्या कक्षा. दर वर्षी तीच आकृती आणि तोच तीन गुणांचा प्रश्न. चोविसाव्या वर्षी शाळेत अंतराळ प्रयोगशाळा आली.

संस्थेचे अध्यक्ष उदयसिंहदादा मुंबईच्या कुठल्याशा कंपनीला भेटून आले आणि महिन्याभरात लेझमा-ढोल ठेवायची तळमजल्यावरची खोली रिकामी झाली. भिंतींना निळा रंग लागला. पाण्याच्या दाबावर उडणारी बाटल्यांची रॉकेटं आली, डब्याएवढे उपग्रह जोडायचे संच आले, आणि एक पांढरी दुर्बीण आली, तिपाईवर उभी केली की नववीतल्या पोराच्या खांद्याला लागणारी. कालिंदीला आठ दिवस पुण्याला प्रशिक्षणाला पाठवलं. बावन्नाव्या वर्षी ती सोल्डरिंग शिकली, दोन बोटं भाजून घेतली आणि घरी येऊन थोरल्या बहिणीला म्हणाली, "आक्का, इतकी वर्षं मी पोरांना नुसतं ऐकवत होते गं. दाखवलं काहीच नाही."

आक्का पोस्टातून निवृत्त झालेली. मंगळवार पेठेतल्या दोन खोल्यांत या दोघीच राहत. धाकटीच्या तोंडावर असा उजेड तिनं फार दिवसांनी पाहिला होता.

प्रयोगशाळेला चाळीस मुलं निवडली, त्यात पवित्रा होती. तिचे वडील मल्लेश उद्यमनगरात वेल्डर. घर मूळचं गडहिंग्लजच्या पलीकडचं, त्यामुळे आईशी कानडी आणि बाकी जगाशी कोल्हापुरी. पहिल्याच तासाला बाकीची पोरं सोल्डरिंगची गरम सळई बघून मागं सरकली, तेव्हा ती पुढं आली. "मी करतो की मॅडम. अप्पाच्या शेडात बघितलंय." इथल्या पोरी 'मी करते' म्हणत नाहीत, 'मी करतो'च म्हणतात. पहिल्या काही वर्षांत कालिंदी ते सुधारत असे, मग तिनं सोडून दिलं होतं.

पवित्राला लागलं ते सूर्याच्या डागांचं वेड. यंदा सूर्यावर डाग फार होते. रोज सकाळी प्रार्थनेआधी गच्चीवर दुर्बीण लावायची, कागदावर छापलेल्या गोलात डाग जिथं दिसेल तिथं पेन्सिलीनं काढायचा, तारीख घालायची. महिना झाल्यावर तिनं ते कागद एकामागोमाग एक भिंतीवर चिकटवले आणि सगळ्यांना दाखवलं, डाग डावीकडून उजवीकडं सरकतायत. "म्हंजे सूर्य फिरतोय सवताभोवती. पुस्तकात हाय, पण हितं दिसतंय की!"

दुर्बिणीतून सूर्य बघायचा तर पुढच्या तोंडावर काळा फिल्टर बसवावा लागतो. तो कालिंदी स्वतः बसवायची आणि चारदा हलवून बघायची. पण मोठ्या नळीच्या पाठीवर आणखी एक वीतभर दुर्बीण असते, नेम धरायला. तिला फाइंडर म्हणतात. तिच्यावर फिल्टर नसतो. म्हणून दिवसा तिच्यावर टोपण असलंच पाहिजे. पहिल्या दिवशीच कालिंदीनं सगळ्यांकडून म्हणून घेतलं होतं, "फाइंडरमधून सूर्य बघायचा नाही." सूर्य शोधायचा तो नळीच्या सावलीवरून. जमिनीवर सावली सगळ्यात लहान झाली की नेम लागला.

जानेवारीतल्या एका शनिवारी कंपनीची माणसं प्रयोगशाळा बघायला येणार होती. त्यांना पसंत पडलं तर चाळीसांतल्या दहाजणांना श्रीहरिकोट्याला रॉकेटचं उड्डाण बघायला नेणार, असं ठरलं होतं. आदल्या दिवशी झाडलोट करताना कुणाचा तरी धक्का लागून फाइंडर हलला होता. तो परत नीट करायला कालिंदी सकाळी साडेआठला गच्चीवर गेली. टोपण काढलं, लांबच्या मोबाईल टॉवरवर नेम धरला, स्क्रू पिळायला लागली. पाहुणे साडेनऊला यायचे ते पावणेनऊलाच आले. खालून उदयसिंहदादांची हाक आली. "मॅडम! या की खाली, हार कोण घालणार?"

तिनं मोठ्या नळीवर फिल्टर बसवला आणि फाइंडरचं टोपण ॲप्रनच्या खिशात टाकलं. जिना उतरता उतरता पवित्रा वर येताना भेटली.

"फिल्टर बसवलाय. तोवर सूर्य लावून ठेव," कालिंदी म्हणाली.

खाली हार झाले, नारळ झाले, चहा झाला. वीस मिनिटांनी पाहुण्यांना घेऊन ती वर आली तेव्हा सूर्य बरोबर नेमात होता, आणि फाइंडर उघडा होता. त्याच्या मागच्या काचेतून एक पांढरा ठिपका बाहेर पडून भिंतीवर थरथरत होता. पाहुण्यांशी बोलत बोलतच तिनं खिशातून टोपण काढलं आणि बसवून टाकलं. कुणाच्या लक्षात आलं नाही. पवित्रा बाजूला वही घेऊन उभी होती, नीट हसत होती. कुणी बघितलं नसेल, असं कालिंदीनं स्वतःला सांगितलं. विचारायला एक वाक्य पुरलं असतं. पण पाहुणे होते, फोटो निघत होते, आणि तिनं ते विचारलं नाही.

पवित्रानं त्या दिवशी पाहुण्यांना सूर्य दाखवला. "ह्यो मधला डाग हाय न्हवं, ह्यात आपली पृथ्वी आक्खी मावती," असं ती सांगत होती आणि कोटातली माणसं एकामागून एक वाकून बघत होती. तिनं स्वतः मात्र डावा डोळा लावून बघितलं. कालिंदीला ते दिसलं, आणि गर्दीत विसरूनही गेलं.

सोमवारी सकाळी पवित्रानं काढलेला गोल बघून कालिंदी थबकली. गोलाच्या मधोमध एक मोठा काळा डाग काढला होता, करंगळीच्या नखाएवढा.

"हे काय गं? एवढा डाग कुठनं आणलास?"

"हाय की मॅडम. शनवारी न्हवता, आज आलाय."

कालिंदीनं बघितलं. डाग नव्हता. आणखी दोघांना बघायला लावलं. त्यांनाही दिसला नाही.

"तू कुठल्या डोळ्यानं बघितलंस?"

"उजव्या."

"डावा झाक. आता माझ्याकडं बघ." कालिंदी तिच्यासमोर दोन हात लांब उभी राहिली. "काय दिसतं?"

"तुमची साडी दिसती. कान दिसत्यात."

"आणि तोंड?"

पवित्रानं मान जराशी वळवली, परत सरळ केली. "तोंड न्हाय दिसत मॅडम."

दुपारी डोळ्यांच्या दवाखान्यात सगळे जमले. मल्लेश कामावरून तसाच आला होता, हातांवर काजळी, शर्टाला ठिणग्यांची भोकं. पवित्राची अव्वा, म्हणजे आई, शिवम्मा दारातूनच "एनाय्तु? काय झालं पोरीला?" करत आली. पवित्राच्या डोळ्यांत थेंब घातले, अर्धा तास बसवलं, मग डोळ्याच्या आतला फोटो काढला.

"माज्या लक्षात आलंतं काल," मल्लेश डॉक्टरांना सांगत होता. "धुरकट दिसतंय म्हणाली. वेल्डिंगची आर्क लागल्यागत वाटलं मला. बटाट्याच्या चकत्या ठेवल्या रातभर. आमाला कितींदा लागती, दोन दिसात उतरती."

डॉक्टर तरुण बाई होत्या. त्यांनी पडद्यावरचा फोटो त्याच्याकडं वळवला. "वेल्डिंगनं डोळ्याचं वरचं आवरण भाजतं. ते दुखतं, पाणी येतं आणि भरून निघतं. हे आत भाजलंय, पडद्याच्या बरोबर मधोमध. तिथं दुखत नाही. म्हणून तिला कळलंही नाही."

"किती दिस लागतील?"

"तीन महिने वाट बघू. थोडंफार परत येईल कदाचित. पूर्ण येईल असं मी सांगणार नाही."

मल्लेश कालिंदीकडं वळला. आवाज चढलेला नव्हता. "मॅडम, आमच्यात नवीन पोरगं कामाला आलं तर आदी हातात काळी काच देतो आमी, मग वेल्डिंगचं हँडल. काचेबिगार बघायला हिला दिलं कुणी?"

कालिंदीनं तोंड उघडलं. तेवढ्यात पवित्राच बोलली. "कुणी दिलं न्हाय अप्पा. मीच बघितलं. छोट्या दुर्बिणीतनं बघायचं न्हाय म्हणून मॅडमनी पयल्या दिशीच सांगितलंतं. माजीच चूक हाय."

खरं सांगायची तीच वेळ होती. कालिंदीला पुढं कैक वेळा ती खोली आठवली, भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता, फिरणारा पंखा, आणि सगळे आपल्याकडं बघत असताना आपण तोंड मिटून घेतलं ते.

बाहेर व्हरांड्यात आईवडील औषधांच्या खिडकीशी उभे असताना पवित्रा तिच्या जवळ सरकली. हळूच म्हणाली, "मॅडम, टोपण न्हवतं. मला वाटलं, तुमी काढलंय म्हंजे आत काच बसवली असंल. सूर्य मधी आणायचा हुता, म्हणून बघितलं. इचारायला पायजे हुतं मी." मग आणखी हळू आवाजात, "मी अप्पाला टोपणाचं न्हाय सांगितलं."

चौदा वर्षांची पोर तिला झाकत होती. आणि कालिंदीनं तिच्या पाठीवरून हात फिरवला, एवढंच केलं.

त्या रात्री ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मेथी निवडता निवडता तिनं आक्काला सगळं सांगितलं. आक्काचे हात थांबले.

"तू बोललीस तर त्या पोरीचा डोळा परत येणार आहे का?" आक्कानं विचारलं.

"नाही."

"मग? नोकरीची सहा वर्षं राहिलीत तुझी. त्या खोलीला कुलूप लागेल. चाळीस पोरांचं जाईल. तू मुद्दाम केलंस का? नाही ना?"

आक्का वाईट बाई नव्हती. ती बहिणीच्या बाजूनं बोलत होती, आणि यातलं एकूण एक वाक्य कालिंदीनं स्वतःशी आधीच बोलून झालं होतं. दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर ते आणखीनच खरं वाटायला लागलं.

शुक्रवारी उदयसिंहदादांनी तिला ऑफिसात बोलावलं. टेबलावर टाइप केलेला एक कागद होता. 'सदर विद्यार्थिनीने शिक्षिकांनी वेळोवेळी दिलेल्या सूचनांचे उल्लंघन करून', अशी त्याची सुरुवात. खाली तीन सह्यांची जागा: विद्यार्थिनी, पालक, शिक्षिका.

"कागद साधा हाय मॅडम. औषधपाण्याचं सगळं संस्था बघणार. पोरीला वाऱ्यावर सोडणार न्हाय आपण. फकस्त कंपनीला दाखवाय कायतरी लागतंय."

"दादा, त्या दिवशी फाइंडरचं टोपण..."

त्यांनी हात वर केला. "मी इचारलं का तुमास्नी काय? न्हाय न्हवं? मग सांगू नका."

कालिंदीनं सही केली. चोवीस वर्षं प्रगतिपुस्तकांवर करत आली तशीच सही, नावाखाली रेघ ओढून. सोमवारी मल्लेशनं केली. पोरगी स्वतःच आपली चूक म्हणतेय तर भांडायचं कुणाशी, असं तो ऑफिसातल्या क्लार्कला म्हणाला म्हणे.

एवढ्यावर भागलं असतं तर कालिंदी कदाचित गप्पच राहिली असती. पण उदयसिंहदादांना आणखी एक सुचलं. इतर मुलांना धडा मिळावा म्हणून पवित्रानं प्रार्थनेच्या वेळी सुरक्षिततेवर दोन शब्द वाचावेत. दोन शब्द ऑफिसातच लिहून तयार झाले.

शुक्रवारी सकाळी मैदानावर सातशे मुलं रांगा करून उभी होती. राष्ट्रगीत झालं. पवित्रा माईकपाशी आली. कागद तिनं सरळ धरला नाही, तोंडाच्या एका बाजूला धरला आणि मान तिरकी करून वाचायला लागली. पहिल्या रांगेतली लहान मुलं तिच्या त्या मानेला हसली.

"मी पवित्रा. माझ्या निष्काळजीपणामुळे माझ्या डोळ्याला इजा झाली. मॅडमनी सांगितलेले मी ऐकले नाही." पुस्तकी भाषा तिच्या तोंडात बसत नव्हती. मध्येच ती थांबली. कागद खाली घेतला, मान वर केली आणि शिक्षकांच्या ओळीकडं बघत राहिली. सगळ्यांना वाटलं, ओळ चुकली. क्लार्क पुढं होऊन बोटानं ओळ दाखवायला लागला. मग तिनं उरलेलं वाचलं. "माझ्यासारखी चूक कुणी करू नये." टाळ्या वाजल्या.

कालिंदी शिक्षकांच्या ओळीत उभी होती. तिनंही टाळ्या वाजवल्या. हात आपोआप जवळ आले, दोनदा आपटले, मग तिला ते कळलं.

दुपारच्या सुट्टीत ती कुणाला न सांगता शाळेबाहेर पडली आणि चालत उद्यमनगरात गेली. मल्लेशची शेड शोधायला वेळ लागला. लेथांचा आवाज, तेलाचा वास, गल्लीभर लोखंडाचा कीस. तो एका दरवाजाच्या चौकटीला वेल्डिंगचे टाके मारत बसला होता. ती दारात उभी राहिलेली बघून त्यानं तोंडावरचं शील्ड वर सारलं. "या मॅडम. काय झालं? पवी बरी हाय न्हवं?"

"बरी आहे. मला तुम्हाला एक सांगायचंय."

तिनं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. टोपण का काढलं, खिशात कसं राहिलं, 'सूर्य लावून ठेव' कोण म्हणालं, वर आल्यावर गुपचूप कसं बसवलं. कुठं काही कमी केलं नाही. शेवटी मल्लेशनं विचारलं, "कागदावर सही केलीसा तुमी?"

"केली."

"माज्या आदी?"

"आधी."

त्यानं हातमोजा काढला, परत घातला. "पोरीला ठावं हुतं, टोपण न्हवतं ते?"

"तिनं मला दवाखान्यातच सांगितलं. तुम्हाला सांगितलं नाही म्हणाली. माझ्यासाठी."

"किती दिस झालं?"

"अकरा."

"अकरा दिस," तो म्हणाला. शेजारचा लेथ बंद झाला होता, त्यामुळे त्याचा आवाज शेडभर ऐकू गेला. "टोपण ऱ्हायलं तर ऱ्हायलं मॅडम. मानूस हाय. माज्या हातनं एका पोराचं बोट गेलतं मशिनीत. त्याच दिशी त्याच्या बापाच्या म्होरं जाऊन हुबा ऱ्हायलो मी. त्यानं मारलं मला, मी खाल्लं. पण तुमी? माजी पोरगी अकरा दिस घरात सवताला शिव्या घालत हुती. अव्वाच्या मांडीवर डोस्कं ठेवून म्हणत हुती, मी आंदळी हुणार, माज्याच कर्मानं. आन तुमी ऐकत हुतासा. मी चिडून तिला दोन लावल्या मॅडम. भाजलेल्या डोळ्याच्या पोरीला लावल्या, तुजं लक्ष कुठं हुतं म्हणून."

कालिंदी रडायला लागली.

"हितं रडू नका," तो म्हणाला. "जावा. हातात हँडल हाय आन माजं डोस्कं ठिकाणावर न्हाय. जावा तुमी."

त्याच संध्याकाळी तिनं पत्र लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी संस्थेच्या ऑफिसात पोच घेऊन दिलं. उदयसिंहदादांनी ते वाचून टेबलावर उपडं ठेवलं. "आता मी काय करू सांगा. तुमास्नी देवासमोर दिवा लावायचा हुता तर घरात लावायचा. माझं घर कशाला पेटवलासा?"

पुढचं सगळं भराभर झालं. चौकशी समिती बसली. कालिंदीला निलंबित केलं. कंपनीनं दोन ओळींचं पत्र पाठवून हात काढून घेतला. एक टेम्पो आला आणि दुर्बीण, संच, मॉडेलं भरून घेऊन गेला. श्रीहरिकोट्याची ठरलेली सहल रद्द झाली. निवडलेल्या दहांतल्या एका मुलाच्या आईनं महाद्वार रोडवर भर बाजारात कालिंदीला अडवलं. "चार म्हयने पोरगं रॉकेट रॉकेट करत हुतं. तुमच्या सत्यानं काय झालं त्याचं?" आणि मल्लेशला संस्थेनं कळवलं, की प्रकरण चौकशीत असल्यानं उपचारांची जबाबदारी आता घेता येणार नाही. खोट्या कागदावर का होईना, जे मिळत होतं तेही खऱ्यानं गेलं. कालिंदीनं उपचारांचा खर्च आपण करू असा निरोप पाठवला. निरोपाचं उत्तर आलं नाही.

शाळेत पवित्राला कुणी थेट बोलत नव्हतं. पण निळ्या खोलीत परत लेझमा आल्या तेव्हा मुलं तिच्याकडंच बघत होती, असं तिच्या वर्गशिक्षिकेनं नंतर कालिंदीला सांगितलं.

एप्रिलच्या अखेरीस समितीचा निकाल लागला. वेतनवाढ बंद, आणि जूनपासून बदली गगनबावड्याच्या शाखेत, विज्ञानाशिवाय दुसरा कुठलाही विषय. कालिंदीनं तो कागद आक्काला वाचून दाखवला. आक्का उठून देवघरात जाऊन बसली.

त्याच आठवड्यात पवित्राची तीन महिन्यांची तपासणी होती. आधीच्या दोन्ही तपासण्यांना कालिंदी जाऊन व्हरांड्यात बसली होती. मल्लेशनं तिला या म्हटलं नव्हतं आणि जा असंही म्हटलं नव्हतं. तिसऱ्या वेळीही ती गेली. पवित्राच्या डोळ्यांत थेंब घालून तिला बाकावर बसवलं होतं. शिवम्मा पाणी आणायला गेली होती. कालिंदी बाकाच्या दुसऱ्या टोकाला टेकली.

मग पवित्रा डोळे मिटूनच बोलली. "मॅडम, मी वाचताना मधी थांबलो हुतो, तवा तुमी कुठं हुतासा?"

"शिक्षकांच्या ओळीत. तिसरी."

"मला वाटलं हुतं, आता तुमी बोलशिला."

"कळलं होतं मला," कालिंदी म्हणाली.

"कळलं हुतं?"

"हो."

पवित्रानं डोळे उघडले. थेंबांमुळं बाहुल्या काळ्याशार आणि मोठ्या झाल्या होत्या. ती कालिंदीकडं बघत होती, पण मान थोडी बाजूला वळवून. "मला ओळ सापडंना असं वाटून तुमी गप बसलासा, असं मी घरात सांगितलंय. अव्वाला." आणि ती उठून आईच्या दिशेनं चालायला लागली. नाव पुकारलं गेलं. तिघंही आत गेले.

तपासणी लवकर आटपली. दार उघडून पवित्रा आणि शिवम्मा बाहेर आल्या आणि न थांबता जिन्याकडं गेल्या. शिवम्मानं पोरीचा दंड घट्ट धरला होता. मल्लेश मागून आला, हातात फाइल. तो कालिंदीपाशी थांबला.

"काय म्हणाल्या?"

"हाय तसंच ऱ्हाणार म्हणाल्या. आता येऊ नका म्हणाल्या, वर्सातनं एकदा दाखवा. डावा चांगला हाय. त्याला जपा." त्यानं फाइल काखेत धरली. "कडेनं दिसतंय तिला. मधलं न्हाय. शिकंल म्हणाल्या कडेनं वाचायला."

"मल्लेश, मला काही करता येईल का? तिची दहावी..."

"मॅडम, एक सांगतो." तो खालच्या आवाजात बोलत होता, लोक ऐकतील म्हणून. "तुमच्यावर माजा राग ऱ्हायला न्हाय. सांगितलासा, त्याचं काय भोगायचं ते भोगलासा. पण तुमी हितं येत जाऊ नका. मागच्या दोन्ही येळंला तुमास्नी बघून घरात गेली आन जेवली न्हाय. दोन-दोन दिस न्हाय. तिच्यासाटी सांगतोय."

"बरं," कालिंदी म्हणाली.

तो मान हलवून गेला. खिडकीतून खाली रस्ता दिसत होता. मल्लेशनं मोटारसायकल काढली, पवित्रा मध्ये बसली, मागं शिवम्मा. चौकात सिग्नल पडला तेवढा वेळ ते दिसत होते, मग वळले.

कालिंदी परत बाकावर येऊन बसली. दुपार झाली, रांग संपली. झाडणारी बाई आली, पाय वर घ्या म्हणाली. सिस्टर दार लावायला आली आणि तिला एकटीला बसलेली बघून थांबली.

"मावशी, तुमचा पेशंट कोण?"

"कुणी नाही," कालिंदी म्हणाली, आणि पर्स उचलून जिना उतरायला लागली.